फोटो एका कॅमेऱ्याचा, वर्णन दुसऱ्याचं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या फिल्म कॅमेऱ्यांवर मोठ्ठा लेख आला होता, कॉलेजची पोरं मोबाईल खिशात ठेवून परत रोलवाले कॅमेरे गळ्यात अडकवून फिरायला लागलीत वगैरे, तो वाचला आणि खरं सांगतो बरं वाटलं, कारण आमच्या धंद्याची आठवण हल्ली कोणी काढत नाही. लेख छानच होता. पण त्यात एक घोळ झालाय आणि तो बारीक नाहीये म्हणून लिहायला बसलो. लेखात म्हटलंय की या कॅमेऱ्यांत ना कॉम्प्युटर ना बॅटरी, सगळं हाताने आणि नजरेने ठरवायचं, तुमच्यात आणि फोटोत मशीन कुठे मध्ये येतच नाही. आणि त्याच्या शेजारी अर्धा पान फोटो छापलाय तो कॅनन एई-१ चा! अहो, ३५ एमएमच्या एसएलआर मध्ये (आरशावरून लेन्समधूनच बघायचा कॅमेरा) मायक्रोप्रोसेसर, म्हणजे छोटा कॉम्प्युटरच, पहिल्यांदा बसवला तो हाच कॅमेरा. एप्रिल १९७६ मध्ये बाजारात आला तोच मुळी "एक्स्पोजरची कटकट आता आमच्यावर सोडा" असं सांगत, एक्स्पोजर म्हणजे फिल्मवर किती उजेड पाडायचा ते. आणि बॅटरीचं म्हणाल तर ६ व्होल्टची बॅटरी काढून घ्या, मग दाबत बसा बटण, शटर, म्हणजे फिल्मसमोरचा पडदा, ढिम्म हलत नाही.

म्हणजे लेखातलं वर्णन खोटं आहे का तर तसंही नाही, ते दुसऱ्याच कॅमेऱ्याचं आहे. पेंटॅक्स के१००० म्हणून कॅमेरा आहे, त्याला ते वर्णन बऱ्यापैकी लागू पडतं. आणि गंमत बघा, तो पण १९७६ चाच. एकाच वर्षी जपानमधल्या दोन कंपन्यांनी एकमेकांच्या अगदी उलट असे दोन कॅमेरे काढले. के१००० ला एक छोटा बटणसेल लागतो तो पण फक्त उजेड मोजणाऱ्या मीटरचा काटा हलवायला, सेल मेला तरी शटर एक सेकंदापासून १/१००० पर्यंत सगळ्या स्पीडला चालतं कारण आत सगळी स्प्रिंग आणि चाकं. त्याला मीटर बंद करायचं बटणसुद्धा दिलेलं नाही, लेन्सवर झाकण लावलं की मीटर झोपला, एवढा साधा. १९९७ पर्यंत बनत होता, जगभरच्या फोटोग्राफीच्या क्लासमध्ये पोरं त्याच्यावर शिकली. एई-१ ने बरोबर उलटा रस्ता धरला. दोन्ही कॅमेरे आपापल्या जागी बरोबर आहेत, पण एकाचं सर्टिफिकेट दुसऱ्याला देऊन कसं चालेल.

आता मी कोण हे सांगणारा, तर माझं आयुष्य स्टुडिओत आणि नंतर कलर लॅबमध्ये गेलं. लग्नं, बारशी, पासपोर्ट फोटो, गणपतीच्या मिरवणुका, आणि लॅबमध्ये प्रिंटिंग मशीनवर बसून लोकांची निगेटिव्ह बघायची. त्यामुळे कुठल्या कॅमेऱ्याने काढलेला रोल निगेटिव्हमध्ये कसा दिसतो हे डोळ्यांत बसलंय.

पहिली गोष्ट, ऑटोमॅटिक एक्स्पोजर ही काही डिजिटलवाल्यांनी आणलेली भानगड नाही. कोडॅकने १९३८ मध्ये सुपर सिक्स-२० नावाचा कॅमेरा काढला, उजेड बघून ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेडाचं भोक, आपोआप लागायचं, उजेडावरच वीज करणाऱ्या सेलेनियमच्या सेलवर, बॅटरीसुद्धा नाही. किंमत तेव्हा २२५ डॉलर, त्यामुळे फारसे खपले नाहीत. मग १९५९ चा आग्फा ऑप्टिमा, शटर आणि ॲपर्चर दोन्ही स्वतः ठरवणारा. १९६१ चा ऑलिंपस पेन ईई, उजेड कमी असेल तर व्ह्यूफाइंडरमध्ये, म्हणजे डोळा लावायच्या खिडकीत, लाल झेंडी वर करायचा आणि शटर मारूच द्यायचा नाही, म्हणजे तुमचा रोल वाया जाऊ नये याची काळजी कॅमेराच घ्यायचा. एसएलआर मध्ये ही गोष्ट यायला जरा वेळ लागला कारण तिथे आरसा वर जातो, पडदे सरकतात, लेन्स बदलतात, सगळी गुंतागुंत. तरी कोनिकाने १९६५ मध्ये ऑटो-रिफ्लेक्स आणला, पेंटॅक्सने १९७१ मध्ये इलेक्ट्रॉनिक शटरवाला इलेक्ट्रो स्पॉटमॅटिक, आणि ऑलिंपसचा १९७५ चा ओएम-२ तर एवढा हुशार की शटर उघडं असताना फिल्मवरून परत येणारा उजेड मोजून शटर कधी बंद करायचं ते ठरवायचा. म्हणजे एई-१ यायच्या आधीच हे सगळं होऊन गेलं होतं.

मग एई-१ चं एवढं कौतुक का, तर त्याने हे सगळं स्वस्तात आणि लाखांनी करून दाखवलं. आधी जे काम बारीक बारीक चाकं, तारा, लिव्हर करायच्या ते एका चिपकडे दिलं आणि कॅननच्याच म्हणण्याप्रमाणे त्यामुळे तीनशेच्या आसपास पार्ट कमी झाले. पार्ट कमी म्हणजे जोडणी सोपी, जोडणी सोपी म्हणजे मशीनवर भराभर बनतो, भराभर बनतो म्हणजे किंमत खाली. आणि हे आजच्या पोरांना सांगितलं की पटत नाही, पण तो वरचा चमकणारा "मेटल" भाग आहे ना, जो बघून लोक म्हणतात की जुनी वस्तू ती जुनी, काय दणकट, तो प्लॅस्टिक आहे! एबीएस प्लॅस्टिकवर क्रोमचा मुलामा. इतका बेमालूम केलाय की हातात घेऊन पण कळत नाही. मला यात काही वावगं वाटत नाही, उलट कमाल वाटते. अमेरिकेत त्याची टीव्हीवर जाहिरात केली, टेनिसवाला जॉन न्यूकोम त्यात असायचा, "सो ॲडव्हान्स्ड, इट्स सिंपल" ही ओळ. टीव्हीवर तोपर्यंत एसएलआर कोण विकत होतं? एसएलआर म्हणजे पत्रकारांची नाहीतर हौशी श्रीमंतांची वस्तू. यांनी ती साध्या बापाच्या हातात दिली, मुलाची मॅच, मुलीचा वाढदिवस, फिरवा रिंग आणि मारा फोटो. पन्नास लाखांच्या वर विकले गेले.

आपल्याकडे तेव्हा हे कुठे मिळत होतं म्हणा. आयातीवर बंधनं, कस्टमची भीती, कोणाचा मेव्हणा दुबईला नाहीतर मस्कतला असला तर तो सुट्टीवर येताना आणायचा, नाहीतर फोर्टातल्या बोरा बाजारात जाऊन विचारायचं. सामान्य घरात आग्फा क्लिक थ्री, रोल उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा इंदू, ब्लॅक अँड व्हाइट. आणि स्टुडिओवाले ऑटोमॅटिक कॅमेऱ्याला हातच लावायचे नाहीत. आमचे मालक म्हणायचे, बॅटरी संपली तर काय भटजींना सांगू की मंगलाष्टकं जरा थांबवा? त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. लग्नाच्या धंद्यात के१००० नाहीतर पुढे निकॉन एफएम२, कारण शटर मेकॅनिकल, पावसात भिजला, बॅटरी मेली तरी काम थांबत नाही.

पण इथे पण एक गोम आहे, जी लेखवाल्यांना माहीत असायला हवी होती. हेच मॅन्युअल कॅमेरेवाले फ्लॅश कुठला वापरायचे? व्हिविटार २८३ किंवा तशातला, ज्याच्या तोंडावर सेन्सर असायचा, समोरच्या माणसावरून आपटून परत आलेला उजेड तो सेन्सर मोजायचा आणि पुरे झालं की फ्लॅश स्वतःच कापायचा. ऑटो थायरिस्टर म्हणायचे त्याला. म्हणजे कॅमेऱ्यात ऑटोमॅटिक नको म्हणणारा माणूस फ्लॅशमध्ये ऑटोमॅटिक घेऊन फिरत होता आणि अख्खी लग्नं त्याच्यावर काढत होता. "सगळं हाताने" असा काळ जवळून बघायला गेलं तर फार कमी सापडतो.

आणि माझ्या लॅबचं तर विचारूच नका. मिनीलॅबचं मशीन प्रत्येक निगेटिव्ह प्रिंट करायच्या आधी मोजायचं आणि किती उजेड द्यायचा, रंग किती द्यायचे ते स्वतः ठरवायचं. आमच्या हातात चार बटणं, पिवळा, मजेंटा, सायन आणि डेन्सिटी. मशीनची समजूत अशी की जगातला कुठलाही फोटो सगळा एकत्र ढवळला तर साधारण करडा रंग निघतो. बहुतेक फोटोंत निघतोही. पण नवरीचा लाल शालू फ्रेमभर आला की मशीनला वाटायचं अरे लाल फार झाला, आणि ते लाल मारायला सायन वाढवायचं, मग नवरी आजारी असल्यासारखी हिरवट निळी. तेव्हा आम्ही बटण दाबून ते परत आणायचो. ज्यांनी अंदाजाने ॲपर्चर लावून दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट नाहीतर निम्मा) इकडेतिकडे केलेले असायचे त्यांचे प्रिंट पण आम्ही सरळ करून द्यायचो आणि ते घरी जाऊन सांगायचे की मी मॅन्युअल काढतो, माझा अंदाज कधी चुकत नाही. बरं.

आज पण तेच चाललंय. पोरं "फिल्म लूक, फिल्म लूक" म्हणतात, तो अर्धा लूक नोरित्सूच्या नाहीतर फुजी फ्रंटियरच्या स्कॅनरचा असतो. एकच निगेटिव्ह दोन मशीनवर स्कॅन करा, दोन वेगळे फोटो मिळतील, एकात स्किन टोन एक, दुसऱ्यात दुसरा. कोणता खरा? निगेटिव्ह तर नुसती नारिंगी पट्टी आहे, तिचा फोटो करायचा म्हणजे कोणीतरी काहीतरी ठरवणारच, माणूस ठरवेल नाहीतर मशीन.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की हा कॅमेरा "मशीन मध्ये येत नाही" म्हणून घेऊ नका. मशीन येतं, मधोमध येतं, फक्त ते काय ठरवतं आणि काय तुमच्यावर सोडतं हे त्याच्यात अगदी स्वच्छ दिसतं, आणि मोबाईलमध्ये ते दिसत नाही. हाच खरा फरक आहे आणि लेखात नेमका तोच राहिला.

कसं ते सांगतो. एई-१ मध्ये शटर स्पीड तुम्ही लावायचा, समजा १/१२५ सेकंद. लेन्सची रिंग ए वर. बटण अर्धं दाबलं की व्ह्यूफाइंडरमध्ये उजव्या बाजूला काटा हलतो आणि सांगतो की मी एफ ८ लावणार आहे, एफचा आकडा जेवढा मोठा तेवढं भोक बारीक. बस. शटर तुमचं, ॲपर्चर त्याचं. उजेड मोजणारा सिलिकॉनचा सेल वरती डोळा लावायच्या जागेजवळ आहे, लेन्समधून आलेला उजेड आरशावरून वर जाऊन तिथे पोचतो, मधल्या भागाला जास्त महत्त्व आणि कडांना कमी. काटा जे सांगतो ते पटलं तर मारा, नाही पटलं तर काहीतरी करा.

आणि न पटण्याचे प्रसंग भरपूर येतात. कारण मीटर आमच्या त्या लॅबच्या मशीनचाच भाऊ, त्याला पण समोरचं सगळं मध्यम करडं वाटतं, गिऱ्हाईक कोणी का असेना एकाच मापाचा सदरा शिवणारा शिंपी. वारीत जाऊन भर उन्हात पांढऱ्या सदऱ्या-टोप्यांचा घोळका फ्रेमभर घेतलात तर मीटर म्हणणार उजेड फार आहे, ॲपर्चर बारीक करणार, आणि पांढरे कपडे मळकट येणार, चेहरे काळवंडणार. त्याच्या उलट वेरूळला कैलास लेण्यात जा, काळ्या बेसाल्टच्या भिंतीसमोर उभे राहा, मीटरला वाटणार अंधार आहे, ॲपर्चर उघडणार, आणि तो काळाभोर दगड राखेसारखा फिकट. खिडकीत पाठ करून बसलेली आजी तर प्रत्येक रोलमध्ये असायचीच, खिडकी मस्त आणि आजीचा नुसता आकार.

कॅननला हे माहीत होतं, म्हणून लेन्सच्या बाजूला बॅकलाइटचं एक बटण दिलंय, ते दाबून धरलं की दीड स्टॉप जास्त उजेड मिळतो. दीडच, कमी नाही जास्त नाही. बाकी वेळी जुनी माणसं एएसएची, म्हणजे फिल्म उजेडाला किती चटकन धरते त्या आकड्याची, चकती फिरवायची, रोल २०० चा असताना १०० वर ठेवली की कॅमेरा एक स्टॉप जास्त देणार, फोटो झाला की आठवणीने परत २०० वर आणायची. एक्स्पोजर लॉक नाही याच्यात, म्हणजे जवळ जाऊन चेहरा मोजला, बटण धरून मागे आलो, असं करता येत नाही. आणि एक, ट्रायपॉडवर लावून सेल्फ टायमर मारला की मागून व्ह्यूफाइंडरमधून उजेड आत शिरतो आणि सेल फसतो, त्यासाठी एक छोटं झाकण दिलेलं असतं, फ्लॅशच्या जागेवर सरकवून ठेवलेलं. बहुतेक सेकंडहँड कॅमेऱ्यांत ते हरवलेलं असतं आणि विकणाऱ्याला ते होतं हेच माहीत नसतं.

घरातल्या ट्यूबलाइटमध्ये काय होतं ते पण बघा. २०० चा रोल, १/१२५ स्पीड, लेन्स एफ १.८ ची. एवढा उजेड घरात नसतोच. कॅमेरा लाल दिवा लुकलुकवून सांगतो की मला जमत नाहीये, पण पेन ईई सारखा अडवत मात्र नाही, तुम्ही दाबलंत तर फोटो काढतो, काळा. स्पीड १/६० वर नाहीतर १/३० वर आणायचं काम तुमचं, तो स्वतःहून आणणार नाही. मिनोल्टाने १९७७ मध्ये एक्सडी काढला त्यात ॲपर्चर आणि शटर दोन्हीतलं कुठलंही ऑटोमॅटिक ठेवता यायचं आणि असं अडलं तर कॅमेरा गुपचूप स्पीड पण बदलून घ्यायचा. कॅननने पण १९७८ मध्ये ए-१ आणला त्यात प्रोग्राम मोड, दोन्ही गोष्टी कॅमेराच ठरवणार. तिथून पुढे सरळ रस्ता आहे, १९८५ चा ऑटोफोकसवाला मिनोल्टा ७०००, मग डिजिटल, मग तुमच्या हातातला मोबाईल जो बटण दाबायच्या आधीच चार-सहा फोटो काढून त्यांचा एक करून देतो आणि काही सांगत पण नाही. एई-१ त्याच घराण्यातला आहे, विरोधी पक्षातला नाही.

आता मॅन्युअल शिकायचं म्हणून जे एई-१ घेतात त्यांच्यासाठी. याच्यात मॅन्युअल आहे, पण नावाला. रिंग ए वरून काढलीत की काटा फक्त सुचवतो की एफ ८ लाव, तुम्ही काय लावलंय ते आत दिसत नाही. म्हणजे काटा बघा, कॅमेरा डोळ्यावरून खाली घ्या, रिंग फिरवा, परत डोळ्याला लावा, तोपर्यंत समोरचं मांजर निघून गेलं. के१००० मध्ये काटा मध्यावर आणायचा, डोळा न काढता, संपलं. आणि कॅननचाच एटी-१ म्हणून कॅमेरा होता, अगदी सेम दिसणारा, ऑटोमॅटिक काढून टाकलेला आणि काटा जुळवायचा, परदेशात विकायला बनवलेला आणि एई-१ पेक्षा स्वस्त. तेव्हा मॅन्युअल म्हणजे गरिबांचं मॉडेल होतं, आज त्याच मॅन्युअलला लोक शुद्ध म्हणतात. मात्र तो पण बॅटरीशिवाय चालत नाही हे लक्षात ठेवा.

किमती बघितल्या तर डोळे फिरतात. इन्स्टाग्रामवर ज्याचा फोटो जास्त येतो त्याचा भाव जास्त, याच्यापलीकडे काही कारण नाही. तेवढ्याच पैशात किंवा कमीत पेंटॅक्स एमई, मिनोल्टाचे एक्स सिरीजवाले, कोनिकाचे ऑटोरिफ्लेक्स मिळू शकतात, कोनिकाच्या लेन्स तर फार सुंदर, पण नाव माहीत नाही म्हणून कोणी विचारत नाही. कॅननच्या जुन्या एफडी लेन्सचे भाव वाढायला अजून एक कारण झालं, कॅननने १९८७ मध्ये ईओएस आणून माउंटच, म्हणजे लेन्स बसायची खाचच, बदललं तेव्हा या लेन्स वाऱ्यावर पडल्या होत्या, कारण ईओएसच्या एसएलआर वर त्या काच असलेल्या ॲडाप्टरशिवाय लांबचं फोकस करत नाहीत. पण हल्लीच्या मिररलेस कॅमेऱ्यांवर साध्या रिंगच्या ॲडाप्टरने बसतात, त्यामुळे व्हिडिओवाले उचलून नेतात.

"टेस्टेड, १००% वर्किंग" असं लिहून विकणाऱ्याकडून घेताना काय बघायचं ते लेखात एका ओळीत उरकलंय, तिथे जरा जास्त लिहायला हवं होतं. बॅटरीचं झाकण समोरच्या बाजूला असतं, त्याचा प्लॅस्टिकचा खटका हमखास तुटलेला, मग लोक चिकटपट्टी लावून देतात. आत हिरवा गंज आहे का बघा, बॅटरी वर्षानुवर्षं तशीच राहिली असेल तर ती पाझरलेली असते. मागचं दार उघडलं की कडेला काळा फोम असतो उजेड अडवायला, तो एवढ्या वर्षांत डांबरासारखा चिकट झालेला असतो, बोटाला लागला तर जात नाही आणि कापडी पडद्यावर पडला तर वेगळंच काम. फोम बदलणं सोपं आहे आणि स्वस्त आहे, त्यासाठी कॅमेरा नाकारू नका, पण भाव पाडायला उपयोग करा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आवाज ऐका. शटर मारल्यावर कुत्र्याचं पिल्लू कण्हल्यासारखा नाहीतर दम्याच्या खोकल्यासारखा आवाज आला तर समजा आरशाच्या यंत्रणेतलं वंगण सुकलंय. एई-१ आणि त्याच्या भावंडांचा हा ठरलेला आजार. फोटो येतात तरीही, म्हणून विकणारा म्हणतो की असाच आवाज असतो याचा, व्हिंटेज आहे ना. नसतो. दुर्लक्ष केलं तर पुढे आरसा हळू होत जातो. बारीक सुईने योग्य जागी थेंबभर तेल, एवढाच उपाय आहे, पण व्हिडिओ बघून घरी करणारे नेमकं तेल जास्त सोडतात, ते पसरतं, मॅग्नेटवर नाहीतर पडद्यावर जातं, मग जो कॅमेरा नुसता खोकत होता तो बंदच पडतो.

हे काम करणारी माणसं आहेत अजून, थोडी आहेत, जवळजवळ सगळी म्हातारी. कंपनीकडून पार्ट मिळायचे दिवस कधीच गेले, मेलेल्या कॅमेऱ्याचे पार्ट काढून दुसऱ्याला लावायचे असा कारभार. मेकॅनिकल कॅमेऱ्यात एखादं चाक झिजलं तर लेथवर बनवून घेणारे कारागीर मी बघितलेत, पण एई-१ मधली चिप नाहीतर आतली लवचिक सर्किटपट्टी गेली तर ती कोण बनवणार? दुसरा एई-१ मारायचा, दुसरा उपाय नाही. तीनशे पार्ट कमी केल्याचा हा हिशेब आता पन्नास वर्षांनी पुढे आलाय. तुमच्या प्रतिनिधीने पुढच्या वेळी कॅफेमध्ये बसून कॅमेरा मिरवणाऱ्या पोरांबरोबर या दुरुस्तीवाल्यांशी पण बोलावं अशी विनंती आहे, त्यांच्याकडे सांगण्यासारखं जास्त आहे आणि त्यांना कोणी विचारत नाही.

एक मात्र सांगायला हवं, मी पोरांवर चिडलेलो नाही. रोल महाग, धुणं महाग, स्कॅन महाग, तरी पदरचे पैसे घालून ३६ फोटो जपून काढतात, थांबतात, विचार करतात, मला ते आवडतं. नवीन कॅमेरे पण येतायत, पेंटॅक्सने २०२४ मध्ये पेंटॅक्स १७ म्हणून चक्क नवा फिल्म कॅमेरा काढला, हाफ फ्रेम, म्हणजे एका फोटोच्या जागेत दोन फोटो, आणि बघा, त्यात पण एक्स्पोजर ऑटोमॅटिकच. फिल्मला परत आणणाऱ्या कंपनीला सुद्धा ते काढून टाकावंसं वाटलं नाही.

ज्याला खरंच मशीनशिवाय एक्स्पोजर लावून बघायचंय त्याने कॅमेरा बदलायची गरज नाही. कोडॅकच्या रोलबरोबर पूर्वी ऊन आणि ढगांची चित्रं असलेला तक्ता यायचा, आम्ही त्याच्यावरच शिकलो. १०० चा रोल, कडक ऊन, १/१२५ ला एफ १६. पातळ ढग असले तर एफ ११. सावलीच पडत नाही इतके ढग तर एफ ८, आणि आपल्याकडच्या जुलैसारखं भरून आलं असेल तर एफ ५.६. आधी स्वतः मनात ठरवा, मग बटण अर्धं दाबून काटा काय म्हणतो बघा. दोघांचं जुळलं तर छान, नाही जुळलं तर कोण का चुकलं याचा विचार करा, कधी तुम्ही चुकलेले असता, पण पांढरे सदरे आणि काळे दगड असतील तर काटा चुकलेला असतो. यासाठी एई-१ झकास कॅमेरा आहे, कारण तो फोटो काढायच्या आधी सांगतो की मी काय करणार आहे.

तेव्हा पुरवणीत कुठेतरी कोपऱ्यात दोन ओळींची दुरुस्ती छापावी की फोटोतला कॅमेरा ऑटोमॅटिक आहे आणि त्याला बॅटरी लागते, कारण तो फोटो बघून कोणीतरी बॅटरी न टाकताच कॅमेरा तपासणार, चालत नाही म्हणून भंगारात देणार, किंवा विकणारा "बॅटरी लागत नाही ओ याला" म्हणून बिघडलेला कॅमेरा गळ्यात मारणार. दोन्ही प्रकार होतात.

आणि ज्यांच्या घरी काकांचा नाहीतर आजोबांचा एई-१ कपाटात पडलाय त्यांच्यासाठी, बॅटरी ४एलआर४४ नावाने मिळते, फोटोच्या दुकानात नाही मिळाली तर ऑनलाइन बघा. झाकण नखाने किंवा स्क्रू ड्रायव्हरने उचकटू नका, खटका तिथेच तुटतो, मघाशी सांगितलं ते व्ह्यूफाइंडरचं छोटं झाकण असेल तर त्याच्या कडेनेच ते उघडायचं असतं. बॅटरी टाकली की वरचा खटका एल वर नाही ना बघा, ए वर करा, लिव्हर ओढा आणि मग बटण दाबा. नाही वापरणार तेव्हा बॅटरी काढून ठेवा.

कळावे,
आपला एक जुना वाचक,
डोंबिवली